समवर्ती सूची

शैलजा मीठ खात्यात. बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला.
मी महसुलात, मंत्रालयात. मजला तोच,
सरकार वेगळं.
राहायला अँटॉप हिलला, तिच्या क्वार्टरमध्ये.
छप्पर केंद्राचं, डास राज्याचे,
असं शेजारचे पोन्नप्पन म्हणायचे. ते कस्टममध्ये होते,
हसण्यावरही ड्यूटी बसत असावी इतपतच हसायचे.

तिचा महागाई भत्ता आधी वाढतो.
मग चार-पाच महिने ती महाग, मी स्वस्त.
त्या दिवसांत पापलेट तीच आणते,
साफ करायला मला देते.
पुढे कधीतरी आमचा शासन निर्णय निघतो, थकबाकीसह,
आणि आम्ही पुन्हा एका बाजारात येतो.

लग्नाआधी, हॉर्निमन सर्कलच्या बाकावर,
तिनं मला सातवी अनुसूची म्हणून दाखवली होती.
खात्याच्या परीक्षेची तयारी चालली होती तिची.
संघाकडे संरक्षण, चलन, दीपस्तंभ, मीठ.
राज्याकडे पोलीस, पाणी, जत्रा, कोंडवाडे,
सापडलेलं गुप्तधन.
"म्हणजे तोफा आमच्या, गुरं तुमची," ती म्हणाली.
मी म्हणालो, गुप्तधनही.
"आणि लग्न?"
समवर्ती सूची, नोंद पाच. दोघांनाही कायदा करता येतो.
वेडही त्याच सूचीत, नोंद सोळा.
दोन कायद्यांत विसंगती आली तर?
"तर तुमचा रद्द. विसंगतीच्या मर्यादेपर्यंत."
एकोणतीस वर्षं
मी त्या मर्यादेपर्यंत रद्द आहे.

मग ती फाइल आली.
खाडीकाठची मिठागरं, जमीन कोणाची.
पत्र हिंदीत, सही उपायुक्तांची.
पण मसुदा कोणाचा ते मला दुसऱ्या परिच्छेदात कळलं:
"तथापि" म्हणायच्या आधी ती श्वास घेते,
तिथं स्वल्पविराम होता.
मी उत्तर तयार केलं, मराठीत, अवर सचिवांच्या सहीसाठी:
जुन्या उताऱ्यावर मालकाच्या रकान्यात
"सरकार" एवढाच शब्द आहे.
कुठलं, ते तलाठ्यानं लिहिलेलं नाही.
त्याला एकच ठाऊक असावं.
(शेवटची ओळ साहेबांनी खोडली.)

घरी आम्ही यावर बोललो नाही.
त्या रात्री आमटीत मीठ कमी होतं.
मी मागितलं नाही.

एका रविवारी मात्र गेलो, दोघंही, न ठरवता ठरवून.
पूर्वद्रुतगतीवरून उतरून, पंक्चरवाल्याच्या मागून,
बांधाबांधानं चालत.
तिच्या चपलेला चिखल, माझ्याही.
जोमा भोईर फळीनं मीठ ओढत होता,
हात थांबवले नाहीत, नुसतं विचारलं,
"कनच्या सरकारची मानसा तुमी?"
आम्ही एकमेकांकडे बोट दाखवलं.
तो म्हणाला, मागच्या वेळी आलेले
तेही असंच करत होते.
त्यांनी खांब रोवला होता, निळा.
त्याआधी कोणीतरी पिवळा रोवलेला.
दोन्हींवर आता त्याची बनियनं वाळत होती,
मधे एक दोरी बांधून.

निघताना त्यानं वर्तमानपत्राच्या कागदात
मूठभर जाडं मीठ दिलं.
शैलजानं हात मागे घेतला. कर्मचाऱ्याला घेता येत नाही.
संघ सूची, नोंद अठ्ठावन्न, ती पुटपुटली.
मी रुमाल पसरला.
राज्य सूची, नोंद चव्वेचाळीस, म्हणालो,
गुप्तधन.
तिथं, त्या उन्हात, ती इतकी हसली
की जोमानं फळी खाली ठेवली.

पुढच्या जूनमध्ये ती निवृत्त होते. क्वार्टर सोडावं लागेल.
डोंबिवलीची जागा माझ्या नावावर आहे,
तिथं छप्पर कोणाचं, यावर तिचा एक स्वल्पविराम
आत्तापासूनच येऊन बसलाय.
फाइल प्रलंबित.
मीठ फळीवर, काचेच्या बरणीत.
पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं,
ती झाकण घट्ट करते,
मी पुन्हा सैल करतो.