क्षार

शिरूरच्या चढावर काटा लाल घरात शिरला
तेव्हाच मी समजले, रविवार गेला.

आता इंडिका अंगणात उभी आहे.
पुढची चाकं विटांवर चढवलेली,
बॉनेट लिंबाच्या फांदीला नाड्यानं बांधलेलं,
कारण त्याचं टेकण कोणत्या साली हरवलं आठवत नाही.
पदर खोचून मी खाली पोत्यावर,
दिगंबरराव वर, बॅटरी घेऊन.
बॅटरीचा उजेड माझ्या डोळ्यांत.
"नळीवर धरा, नळीवर."
"तिथंच तर धरायलोय."

तीन लाख बारा हजार चारशे शेहेचाळीस.
या आकड्यावर मीटर थांबला, नऊ वर्षं झाली.
पुढचं कुणी मोजलं नाही.
थोडगा, खंडाळी, किनगाव,
अंगणवाड्यांची रजिस्टरं, वजनकाटे, खाऊची पोती.
हाडोळतीहून एक बाळंतीण घेऊन निघाले होते
ती दवाखान्याआधीच मोकळी झाली.
मागच्या सीटवर तो डाग अजून आहे, पुसट.
पोरगं तिसरीत गेलं.
मला बघितलं की खांबामागं लपतं.

खदीरभाई उदगीरहून फोनवर.
फोन विटेवर, स्पीकर चालू.
"अभी ढक्कन मत खोलो मॅडम, भाप मारता."
मग खोकला. मग बशीचा आवाज.
मग बराच वेळ नुसता उदगीरचा रस्ता ऐकू येत राहतो.

दहाचा पाना कुणालाच माहीत नाही.
आठाचा आहे, बाराचा आहे, चौदाचे दोन आहेत.
अर्ध्या तासानं सापडला
शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांखाली.
तो तिथं कुणी ठेवला
हा वाद आम्ही संध्याकाळवर ढकलला.

रेडिएटर निघाला.
उलटा करून आपटला तर
आतून पांढरे पापुद्रे पडले,
बोटांत धरले की कुरकुरणारे.
सातशे फुटांवरचं पाणी आमचं.
त्यानं नळाचं तोंड पांढरं केलं,
बादलीचा काठ, चहाचं पातेलं,
आता हे.

दिगंबरराव काही न बोलता आत गेले.
टीव्हीशेजारी त्यांची एक डबी असते,
लातूरच्या डॉक्टरनं दिलेली, पाहुण्यांना दाखवायची.
डबीतला खडा एका तळव्यावर,
गाडीतला पापुद्रा दुसऱ्या तळव्यावर
घेऊन ते उन्हात उभे राहिले, जोखत.
"अकरा एम.एम.," म्हणाले. "माझा."
बॅटरी काखेत तशीच चालू.

लिंबूसत्त्वाच्या चार पुड्या, गरम पाणी,
तीनदा भरलं, तीनदा ओतलं.
तिसऱ्यांदा पाणी जरा दुधाळच, पण वाहतं निघालं.
नळीला नवीन क्लिप, पंपाला नवं गॅस्केट.
माझ्या अंगठ्याचं नख गेलं, जुनंच होतं.

"अब बोअर का मत डालो," खदीरभाई.
कूलंटचं दुकान रविवारी बंद.
मी स्वयंपाकघरातून वीस लिटरचा जार काखेला मारला
आणि दारात सासूबाई, सोजरबाई, वय ऐंशी, आडव्या.
"गाडीला जारचं,
अन् मला बोअरचं का गं?"

दिगंबररावांनी बॅटरी बंद केली.
फोनवरचा खोकलासुद्धा थांबला.

जार तर परवापासूनच आलाय घरात,
त्यांच्या माठात मात्र कुणी ओतला नव्हता.
मीही नाही.
तांब्या आणला, काठोकाठ भरला, त्यांना दिला.
त्या उभ्यानंच प्यायल्या, थांबत थांबत.
ओठ पुसून म्हणाल्या,
"कसलीच चव नाही की ह्याला."
आणि बाजूला सरकल्या.
अर्धा जार मी त्यांच्या माठात रिकामा केला.
उरलेला गाडीला जेमतेम पुरला.

चावी फिरवली. खोकली, धरली.
तिघंही काचेतून काट्याकडं बघत बसलो,
सासूबाई पुढच्या सीटवर, तांब्यासकट.
काटा वर आला, मध्यावर आला,
तिथंच राहिला.

सोमवारी किनगावच्या अलीकडं
पुढून काहीतरी खुळखुळायला लागलं.
गाडी बाभळीखाली घेतली, बॉनेट डोक्यानं तोलून धरलं.
बॅटरीच्या कडेला, आरामात,
दहाचा पाना.