रकाना

कामोठ्याच्या सोसायटीत नवा वॉचमन
नोंदवही पुढे सरकवतो. पेन सुतळीने बांधलेलं.
नाव: उल्हास तोरस्कर.
कुठून: घणसोली.
कोणाकडे: ४०३.
गाडी नंबर: रेघ. स्कूटर फेब्रुवारीत विकली,
शाळेच्या दुसऱ्या हप्त्याला.
काम:
इथे पेन दर वेळी अडतं.

चारशे तीनचं कर्ज अजून अकरा वर्षं
माझ्या खात्यातून जाईल.
सोसायटीचा मेंटेनन्स मी भरतो,
कोर्टाने ठरवलेला, तोही मीच.
एकाच शब्दाच्या दोन पावत्या
एकाच फायलीत, कधी उलटसुलट.
उरतं त्यात एक कॉट, डबा,
आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या.
खोलीत आम्ही तिघं, म्हणून तिला तिथे नेत नाही.
एकदा विचारलं होतं तिने,
"बाबा, तुझी खिडकी कुठल्या बाजूला?"
पूर्वेला, म्हणालो.
खिडकी आहे. जिन्यात उघडते.

शाल्मली खाली येते.
दुसरा आणि चौथा शनिवार, अकरा ते पाच.
बँकाही त्याच दिवशी बंद असतात,
तेवढाच दिलासा.
पिशवीत पाण्याची बाटली, कफ सिरप
आणि चिठ्ठी: आईस्क्रीम नको.
अक्षर तेच, वाण्याच्या यादीतलं.
ती वाईट नाही. वीस तारखेनंतर
तीही माझ्यासारखीच दिवस मोजत असणार.

खारघरच्या सेंट्रल पार्कात बसतो, फुकट आहे.
आजीने सावंतवाडीहून पाठवलेले खटखटे लाडू
मी डब्यातून काढतो.
"तिसरीत तुझा बूट एक नंबरचा होता ना?"
"आता तीन," ती म्हणते, "पण हे चालतात अजून."
आणि पाय बाकाखाली घेते.
हे 'चालतात' कुणाकडून शिकली,
मी विचारत नाही.

फोनवर आई: "मे महिन्यात येतलंस मां गो?"
ती माझ्याकडे बघते. मी झाडाकडे.
कागदात मे महिना निम्मा निम्मा आहे,
आंब्यांचा निम्मा कुठला
ते लिहिलेलं नाही.

पाचला दहा कमी.
वॉचमन चहाला गेलाय,
ती नोंदवहीची मागची पानं चाळते.
भेट. वैयक्तिक. कागदपत्रं.
एका शनिवारी, काय सुचलं होतं कोण जाणे, कुरिअर.
ती फिसकन हसते. "काय आणलेलंस?"
मी उरलेल्या लाडवांचा डबा पुढे करतो.
"थांब, सही घ्यावी लागते तुला."
सुतळी ताणून पेन माझ्या तळहातापर्यंत आणते,
जोडाक्षर नसलेलं आपलं नाव
सावकाश, शाळेतल्यासारखं लिहिते,
खाली तारीख.
मग लिफ्टचं दार.

घणसोलीच्या बसमध्ये
तिकिटाचे सुटे पैसे
मी डाव्या हाताने काढले.