उजवीकडून चौथी

बालाटोन गोठलं की
एतेल्का वेरेश तळघरातून गोगलगाई आणते,
तोंडाला चुन्याचं झाकण लावून निजलेल्या.
कोमट पाण्यात एकेक उघडते.
पोटात पाय असेल, तिला त्याच्याशी कर्तव्य नाही.
तिला हवी घशाभोवतीच्या कड्यातली
नारिंगी पेशी, उजवीकडून चौथी,
खसखशीहून लहान.

एकोणसत्तर साली ज्योतीवर काच ताणताना
बोटं भाजायची.
टोक दिसेनासं झालं की समजायचं, जमलं.
मग पडद्यावरची हिरवी रेघ
दोर सुटलेल्या पोहऱ्यासारखी खाली जायची
आणि उणे पन्नास मिलिव्होल्टवर थांबायची.
म्हणजे आपण आत आहोत.
असं आत असणं
तिला घरी फारसं जमलं नाही.

एकदा दूरदेशीच्या परीक्षकाने लिहिलं,
"तुमची सुई गळते आहे."
गळतच होती.
सहा हिवाळ्यांची पानं तिने सुतळीने बांधली,
टाकली नाहीत.
अजून त्यांच्यावर किटली ठेवते.

आता हात थरथरतो. सुई बेनेदेक टोचतो.
ती अंधारात, स्पीकरला कान लावून.
टक्. टक्टक्. टक्.
"दमली आहे. थांब जरा."
तो आकडे बघतो. आकडे ठीक आहेत.
तरी थांबतो.

बाहेर बर्फ तडकतो,
तडा धावत जातो
या काठापासून त्या काठापर्यंत,
आणि दोघंही
नकळत पडद्याकडे बघतात.