मानस

रायबंदरच्या फेरीतून चोडणेला उतरलो:
पाचवी ब, एकोणतीस मुलं, मी,
आणि वहीत आखलेला तक्ता.
पदार्थ. कुठून आला. कोणी पिकवला.
पहिल्या ओळीत भात, आणि त्याच्यापुढे
बहुतेकांनी फेरीतच लिहून टाकलेलं: दुकान.

मेनीनबाब बांधावर उभे होते,
पोटऱ्यांवर चिखल वाळून त्याचे मोजे झालेले.
त्यांनी एका जुन्या लाकडी दाराकडे बोट दाखवलं.
म्हणाले, मानस.
मी सवयीने पुढे सरसावले:
मानस म्हणजे मन, मुलांनो, लिहून घ्या.
ते हसले. टीचर, मानस म्हणजे हे दार.
नदीला भरती आली की आपण होऊन मिटतं,
ओहोटीला आपण होऊन उघडतं.
आतलं पाणी जातं, बाहेरचं खारं येत नाही.
मग जरा थांबून,
मनाचंही तसंच असेल, मला ठाऊक नाही.

एकोणतीस पेन्सिली खोडरबरासाठी थांबल्या.

हे कोरगुट, ते म्हणाले, मीठ सोसणारं भात.
नीलाक्षने लोंबी गालाला लावून पाहिली,
कुसळ टोचलं तेव्हा त्याचा विश्वास बसला.
कुर्ली बांध पोखरते, बोटाएवढंच भोक,
लक्ष नाही दिलं तर पहाटे शेत नदीचं.
रात्री कोण बघतं? फ्लेवियाने विचारलं.
ज्याला झोप येत नाही तो.

आणि कापणी झाली की
हेच दार खाऱ्या पाण्याला उघडायचं,
पाण्याबरोबर शेवटे येतात, काळुंदर, सुंगटं.
म्हणजे शीत आणि कडी एकाच शेतातली?
कोणीतरी ओरडलं, आणि मला वाटलं
झालं, सहल वसूल.

जेवण त्यांच्याच ओसरीवर, पियेदादबायने वाढलेलं.
मी मुलांना मुद्दाम विचारलं,
सांगा, हा भात कुठला?
इथला! सगळे एका सुरात.

मेनीनबाबांनी मान हलवली.
दुकानातला. आमचं यंदा बियाण्यापुरतंच,
मधला बांध दोन वर्षं फुटलेला आहे.
बांगडा मालपेचा, बर्फाच्या ट्रकमधून.
नारळ? तोही घाटापलीकडचा,
आमच्या माडावर चढायला आता माणूस नाही.
मिरची हरमलची, बहिणीने पाठवली.
सोलं मात्र परसातली.
मी त्यांच्याकडे जरा रागानेच पाहिलं असणार.
टीचर, पोरं आमच्या घरात जेवताहेत,
खोटं कसं वाढू?

परत निघालो तेव्हा भरती लागली होती.
कोणी न ढकलता दार मिटलं,
अगदी हळू, गुरांचं तोंड मिटावं तसं.
नीलाक्ष वाकून बघत राहिला,
त्याला दोनदा हाक मारावी लागली.

रात्री मी स्वयंपाकघरात तांदळाचं पाकीट उलटसुलट केलं.
भरल्याची तारीख होती, संपायची होती,
वजन, किंमत, तक्रारीसाठी फोन नंबर.
पेरल्याची तारीख नव्हती.
पाणी कुठलं, कोणाला झोप नव्हती,
त्याला छापायला जागा तरी किती लागली असती.

वह्या तपासायला घेतल्यात.
दुकान बहुतेकांनी खोडलेलं नाही,
पुढे बाण काढून जागा सोडलीय.
कोणी पिकवला, तो रकाना जवळजवळ सगळीकडे कोरा.
फ्लेवियाने तिथे एक कुर्ली काढलीय,
आणि तिच्या शेजारी बोटाएवढं भोक.
लाल पेन हातात आहे.
बरोबर की चूक, अजून ठरत नाही.