बाहेरचं

सिव्हिलच्या ओपीडीत, पंखा न पोचणाऱ्या कोपऱ्यात
डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान न उचलता विचारलं,
"घरात आधी कुणाला असं झालेलं?"
अम्मा म्हणाली, "नाही."
बाईंचा प्रश्न अजून पुरता संपलाही नव्हता.

बाळ एकवीस दिवसांचं.
मी त्याच्याकडे बघते
एस्टी स्टँडवर दुसऱ्याच्या पिशवीकडे बघावं तशी.
जरा लक्ष ठेवा म्हणून गेलंय कुणीतरी
आणि परत येत नाहीये.

सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या,
चुलीत टाकल्या. तडतडल्या.
"बघ, बाहेरचं आहे."

त्या रात्री साखर पेठेत वीज गेली.
गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले
आणि इतकी वर्षं त्या खडखडाटाखाली काय काय दडपलं होतं
ते ऐकू येऊ लागलं.
अम्मा विडीची पानं कापत होती.
कात्री सुपात ठेवली तिनं.
"तुझ्या वेळी दीड महिना मी तुला हातात घेतलं नाही.
शेजारच्या नरसव्वानं पाजलं तुला."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "आणि अव्वा…"

अव्वाबद्दल आमच्याकडे एकच वाक्य आहे:
विहिरीवर पाय घसरला.
लग्नाकार्यात, श्राद्धाला, तेच. तेलुगूत, मराठीत, तेच.
मामा तेव्हा नऊ दिवसांचा होता.
नऊ दिवसांची बाळंतीण भर दुपारी विहिरीवर कशाला जाईल
हे कुणी विचारलं नाही.
मीसुद्धा नाही.

अप्पा जकार्डवर होते. म्हणायचे,
पुठ्ठ्यात एक भोक चुकलं
की दर चादरीवर मोराची मान त्याच जागी मोडते.
असा माल पेढीवर चालत नसे, घरी येई.
आम्ही सगळी भावंडं
मान मोडलेले मोर पांघरूनच वाढलो.
थंडी कधी वाजली नाही.

वीज आली. लूम सुरू झाले.
अम्मानं कात्री उचलली.

पुढच्या गुरुवारी ती आपणहून बोलली.
कागदावरची ओळ पुरेना,
बाईंनी समासात आडवं लिहिलं.
गोळी रात्री जेवणानंतर, अर्धी.

अजून बाळाला "माझी" म्हणवत नाही मला.
"तिला" म्हणते. कालपासून.
एक वही केली आहे तिच्यासाठी.
पहिल्या पानावर तारीख, गोळीचं नाव,
आणि खाली, तिला वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात,
पाय घसरला नव्हता.