गोचीड

कंपनीनं दिलेलं नाव पितळी पट्टीवरून कधीच घासून गेलं,
मन्मथअप्पा हालकुडे तिला गोचीड म्हणायचा.
अठरा किलो वजन. हिरवा रंग उरलेला फक्त खाचांत.
पोटात दोन जबडे:
दांडा पुढं रेटला की एक वायररोप धरतो, दुसरा सोडतो,
मागं ओढला की दुसरा धरतो, पहिला सोडतो.
दोघांनीही सोडलंय
असा क्षणच नाही मधे कुठं.
"जोर नाही हिच्यात," अप्पा सांगायचा,
"सोडत नाही, बास."

औशाच्या पुढं, लामजन्याच्या वाटेवर एका शाळेचं मैदान.
वाऱ्यानं पाडलेल्या चिंचेचा खुंट, ऐन कबड्डीच्या रेघेवर.
साबणेबाईंनी पोरांच्या नखांचा हिशेब ठेवला होता,
दोन वर्षांत अकरा नखं.
गावाकडून वर्गणी झाली, अप्पाला सांगावा गेला.
तेव्हा मी सोळाचा, दांड्यावर.

तीन बाजूंनी उकरलं. मुळ्या तोडल्या, दिसल्या तेवढ्या.
मे महिन्याची काळी माती,
भेगेत पारई सोडली तर परत मिळेल याची खात्री नाही.
आता ओढायचं, पण ओढणाऱ्यालाही
मागून कुणीतरी धरून ठेवावं लागतं.
लिंबाला अप्पा नको म्हणाला,
जित्या झाडाच्या कमरेला तो वायर बांधत नसे.
कुंपणापलीकडं तेल्याचा घाणा होता, दगडी,
हातभर वर, बाकी जमिनीत,
बायका त्याच्या कडेला विळे घासायच्या, शेळ्या वर बसायच्या.
"हा पाताळापर्यंत आहे," कुणीतरी म्हणालं,
आणि सगळ्यांनी ते आपणच म्हटल्यासारखी मान हलवली.

साखळीचे दोन वेढे. गोचीड घाण्याला, वायर खुंटाला.
वायरवर ओलं पोतं, तुटली तर उसळू नये म्हणून.
पोरं भिंतीमागं.
पुढं. मागं. पुढं.
वायर आधी गप्प झाली, मग बारीक वाजायला लागली,
आणि कट्.
वायर नव्हे, दांड्यातली पिन.
अप्पानं दुसरी काढली, तांब्याची, करंगळीएवढी.
"ही तुटती म्हणून आपण तुटत नाही," म्हणाला,
आणि बिडी न पेटवताच ओठात धरली.

पुढं. मागं.
एकाएकी दांडा हलका झाला.
"हाललालंय! अप्पा, हाललालंय!"
सगळं गाव खुंटाकडं बघत होतं.
खुंट जागच्या जागी.
माझ्या पाठीमागं जमीन कुरकुरली,
आणि म्हैस उठते तसा, आधी मागून,
घाणा उठला.

कुणी हसलं नाही लगेच.
पाताळ निघालं मांडीएवढं खोल.

कस्तूर क्षीरसागर पिठाच्या हातानंच आली.
घाण्याच्या पोटात माती, बाटल्यांची बुचं,
पेन्सिलीचे तुकडे, एक गंजलेला विळा.
तिनं ओंजळीनं सगळं उपसलं,
खांद्यापर्यंत हात घालून तळ चोळला,
मग बोटं नाकाशी नेली.
"करडई," म्हणाली.
सासऱ्यानं बैल विकल्याला तीस वर्षं झाली होती.
मीही हुंगलं. मला ग्रीसचा वास आला,
खरंतर तो माझ्याच हाताला होता.

साबणेबाई म्हणाल्या, पैसे खुंटाचे ठरले होते.
अप्पा म्हणाला, मी कुठं दगडाचे मागतोय.
कस्तूरबाईंना विचारलं, परत पुरून देऊ का.
"राहू द्या वर," एवढंच बोलून
तिथंच बसल्या, कडेला हात ठेवून.

वायर सैल करायची होती.
गोचीड सोडतानाही एकदम सोडत नाही,
जेवढे हात धरायला, तेवढेच सोडायला,
एक जबडा, मग दुसरा,
ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत मी दांडा मारत राहिलो.

खुंट तिसऱ्या दिवशी आला,
बाभळीचं लाकूड आडवं पुरून, त्याला बांधून.
फार मोठा होता म्हणतात.
मला आठवत नाही.