कूलर बंद

मे महिना. पारा शेहेचाळीस. सक्करदऱ्यात
पंख्याची हवासुद्धा तव्यावरून येते,
पण ह्या खोलीत कूलर लावायचा नाही.
खसची ओल लागली की कार्डं वाकतात म्हणे.

शाळेतली, च्युइंगमच्या पाकिटातली कार्डं.
बत्तीस नंबरचा यष्टिरक्षक: छापखान्यात चूक झाली
आणि त्याचे हातमोजे हिरवे निघाले.
चुकलं, म्हणून मोल.

इतवारीहून खेमुका आले, भिंग घेऊन.
आधी चारही कोपरे पाहिले, मग पाठ.
मला बघायला आले होते तेव्हा
यांच्या आत्यानं पाहिलं होतं, तसंच.
साठ हजार म्हणाले.
यांनी दुसऱ्यांदा पाणीसुद्धा विचारलं नाही.
‘काहून विकू? दहा वर्षांनी बेसाला प्लॉट येते यात.’
दहा वर्षांपूर्वीही हाच प्लॉट होता.
बेसा तेवढं पुढे सरकलं.

दुपारी हे झोपले की
ओला दुपट्टा मानेवर टाकून मी जाते,
टेबलापासून हातभर लांब उभी राहते.
प्लास्टिकच्या आत तो
चाळीस वर्षं गुडघे मोडून बसलाय.
चेंडू अजून आलेला नाही.
आणि कपाळावर घामाचा एक थेंब नाही मेल्याच्या.